दीडशे मायक्रॉन

सातपूरला शकील मणियारांच्या गाळ्यात
पोलादाच्या चकतीला भोक पाडायला पाऊण तास लागतो.
तेलात बुडालेली ठिणगी चुरचुरते,
कढईत मोहरी तडतडावी तशी,
पण एकेक दाणा, फार सावकाश.
दीडशे मायक्रॉन. दोन केस शेजारी ठेवले तर तेवढं.
"मॅडम, एवढ्या भोकातून जाणार काय?"
जाणार काहीच नाही. राहणार आहे.

बिस्मथ-टेल्युरियमचा एक करडा कण,
दाब मोजायला माणकाची कणी,
श्वास रोखून चिकटवलेल्या सोन्याच्या चार तारा,
आणि वर-खाली दोन हिरे, टोकाला टोक.
स्क्रूला पाव वळसा. मग पुन्हा पाव वळसा.
साठ हजार वातावरणं त्या भोकात मावतात.

मार्चमध्ये एक हिरा तडकला.
बिल पास होईना, म्हटलं किंमत तरी कळू दे,
म्हणून सराफ बाजारात नेला.
छाजेड शेठनी भिंग लावलं, बराच वेळ काढलं नाही.
"हिरा असा मरत नाही ताई. कुणी मारला?"
मी, म्हटलं.

हा कण आतून बंद असतो.
वीज वाहते ती कडेकडेनं, वरच्या सालीवरून.
खरवडा, तोडा, नवी कड तितकीच वाहती.
हे मणियारांना सांगताना मला आठवला
आयटीआय सिग्नलच्या अलीकडचा वड,
वटपौर्णिमेनंतर महिनाभर अंगावर सूत बाळगणारा.
सूत ओढा, सैल सोडा, बोटानं खाली सरकवा,
फेरे सात ते सातच.
कापल्याशिवाय सहा होत नाहीत.
"म्हणजे चिवट आहे," ते म्हणाले.
हो. पेपरात लिहिता येत नाही, पण शब्द तोच.

गुरुवारी रात्री, गंगापूर रोडच्या लॅबमध्ये
कॉम्प्रेसर दम्यासारखा धापा टाकत होता.
दहा केल्विन. सात. चार.
पडद्यावर रेघ आडवी, कंटाळलेली.
आणि तिनाच्या जरा खाली
जिना संपला म्हणून पाय टाकावा
आणि अजून एक पायरी असावी,
तशी पडली.

शून्य.
मी आधी तार तुटली का ते पाहिलं.
चुंबक लावलं, पायरी आणखी थंडाईकडे सरकली.
मग खुर्चीत बसले.

एरवी एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन
दाबाखाली जोडीनं चालायला लागतात,
आणि वाटेत कशालाच अडत नाहीत.
साध्या धातूत मध्यस्थ ठाऊक आहे:
अणूंच्या जाळीची थरथर, तीच जमवून देते.
इथे तीच आहे की दुसरं कुणी,
यावर भांडण चालू आहे.
पत्रिका नाही, ओळख नाही, तरी जमलं कसं,
असं सुरगाण्यात माझ्या आत्याबद्दल
अजून विचारतात. तीस वर्षं झाली.
आत्या सांगत नाही.

सोमवारी गाळ्यावर गेले.
"शून्य आला म्हणजे मशीन बंद पडलं ना?"
मग स्वतःच थांबले. डायल गेज काढला,
जॉब बांधला, लाकडी हातोडीनं टिचक्या मारत राहिले.
काटा चार, दोन, उलटा तीन, एक.
चहा येऊन गार झाला.
"आमच्याकडे शून्य येत नाही," म्हणाले,
"आणावा लागतो."

स्क्रू सोडल्यावर माझा गेला होता.
कण पुन्हा नुसता करडा, चारचौघांसारखा.
हे त्यांना सांगितलं की नाही, आठवत नाही.
वापरलेली चकती मात्र पुढे केली.
त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली, एक डोळा मिटून.
"भोक लंबगोल झालंय. तिरका दाब पडलाय.
डावा स्क्रू आधी फिरवता तुम्ही."

मी डावखुरी आहे
हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.